तारांकित मंडळी

कचेरीत "म्हणजे काय?" असं विचारणारा एकच कर्मचारी आता उरला आहे आणि त्याला पगार नाही. काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली की तो कामाला लागतो, शेकडो पानांचं मॅन्युअल चहा निवायच्या आत वाचून काढतो आणि निर्विकारपणे सांगतो: अमुक ओळीवर अमुक तीन अक्षरं आली आहेत, ती कोण हे आधी कुठेही सांगितलेलं नाही. बाकीचे सगळे मीटिंगमध्ये माना डोलवत बसलेले. साहेब म्हणतात, "एसएलएप्रमाणे आरसीए आला नाही तर एमटीटीआर वाढेल," आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एका लयीत हलतात. कळलं किती जणांना? विचारायचं कोणी? नव्याने विचारलं तर तो कच्चा ठरतो, जुन्याने विचारलं तर इतकी वर्षं काय केलं हा सवाल उभा राहतो. म्हणून हे काम यंत्राकडे दिलं. यंत्राला लाज नसते.

तांत्रिक माहितीपुस्तकं हल्ली एका लांबलचक वर्ड फाइलीत लिहीत नाहीत. विमानाचं असो, राउटरचं असो, नाहीतर बँकेच्या सॉफ्टवेअरचं. मजकुराचे छोटे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला एक्सएमएलच्या खुणा लावतात (हे शीर्षक, ही कृती, हा इशारा, हे लघुरूप) आणि मागणी येईल तसे तुकडे जुळवून वेगवेगळी पुस्तकं काढतात. या घराण्याचा मूळपुरुषच पाहा. आयबीएममध्ये 1969 साली गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी या तिघांनी मजकुराला खुणा लावायची भाषा घडवायला घेतली. पुढे तिचं नाव पडलं जीएमएल, विस्तार जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं त्यात जशीच्या तशी बसली, कारण ती बसावीत म्हणूनच नाव शोधलं होतं. पुढे 1986 मध्ये एसजीएमएल आली, 1998 मध्ये एक्सएमएल. तिच्यातला एक्स 'एक्स्टेन्सिबल'चा, म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर सोडून दुसरं उचललेलं. का, तर ते दिसायला रुबाबदार. लघुरूपांना शिस्त लावायचं साहित्य ज्या घरातून आलं, त्या घरची ही शिस्त.

वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये तर बराच काळ दोन वेगळ्या खुणा होत्या, एक 'अॅक्रोनिम' आणि एक 'अॅब्रिव्हिएशन'. कुठे कोणती लावायची यावर जाणकारांनी वर्षानुवर्षं वाद घातले. शेवटी एचटीएमएल पाचने पहिली खूण मोडीत काढली आणि भांडणाचं कारणच संपवलं. तांत्रिक पुस्तकांसाठीच्या डॉकबुक या एक्सएमएल मांडणीत दोन्ही अजून नांदताहेत.

तर नियम असा: लघुरूप पहिल्यांदा आलं की पूर्ण नाव लिहा, कंसात लघुरूप द्या, पुढे नुसतं लघुरूप वापरा. बहुतेक शैलीपुस्तिकांत हा असतो आणि कादंबरीला तो लागूही पडतो, कारण कादंबरीला पहिलं पान असतं. तुकड्यांच्या पुस्तकाला ते कुठलं? पंपाच्या सुरक्षेचा तुकडा एका पुस्तकात पहिला येतो, दुसऱ्यात सतरावा. लेखकाने प्रत्येक तुकड्यात विस्तार दिला तर वाचक वैतागतो, कुठेच नाही दिला तर अडखळतो. यावरचा तोडगा मात्र खरोखर हुशारीचा आहे. डिटा नावाच्या मानकाच्या 1.2 आवृत्तीत, 2010 साली, तो आला. लेखकाने मजकुरात लघुरूप लिहायचंच नाही, फक्त त्याची किल्ली ठेवायची. पूर्ण नाव, छोटं नाव आणि पहिल्या भेटीत दाखवायचं रूप हे तिन्ही एका कोशात. पुस्तक जुळताना यंत्र बघतं की या पुस्तकात या किल्लीची पहिली वेळ कोणती, आणि तिथे मोठं रूप छापतं, बाकी ठिकाणी छोटं. लाटेक हे अक्षरजुळणीचं साधन वापरणारे प्राध्यापक 'ग्लॉसरीज' नावाच्या पॅकेजने हेच करतात आणि त्याचा अभिमान बाळगतात.

कोश एका जागी असण्याचा फायदा मुंबईकराला वेगळा सांगायला नको. बेस्टमधला बी आधी बॉम्बेचा होता, मग बृहन्मुंबईचा झाला. टी ट्रामवेजचा होता, तो ट्रान्सपोर्टचा झाला. ट्राम 1964 मध्ये बंदच पडली. अक्षरं चार ती चारच. आत माणसं बदलली, पाटी तीच. कोशात एक ओळ बदला, सगळी पुस्तकं सुधारतात. हातांनी करायला बसा, एखादी ट्राम कुठल्या तरी परिशिष्टात धावतच राहते.

आता विस्ताराविना सुटलेल्या लघुरूपांच्या पकडापकडीबद्दल. जुने लोक ग्रेप ही शोधाची आज्ञा चालवत: सलग कॅपिटल अक्षरं दिसली की ओळ दाखव. आताचे व्हेल नावाचं साधन चालवतात, ते लेखनाचे दोष शोधतं. गूगलच्या शैलीपुस्तिकेवरून त्याच्यासाठी नियमांचा एक संच केलेला आहे, त्यातला लघुरूपांचा नियम साधारण असा: सलग तीन ते पाच कॅपिटल अक्षरं आली आणि कुठेही पूर्ण नावामागे कंसात ती दिसली नाहीत, तर लेखकाला हटका. तीन ते पाच. म्हणजे पीसीएमसीआयए हे सहा अक्षरांचं धूड, जे संगणकवाल्यांनाच इतकं पाठ होईना की त्यावर विनोद झाले, ते दारातून सुखरूप आत. आणि दोन अक्षरांच्या लघुरूपाला कोणी अडवतच नाही. एआय दोन अक्षरांचं आहे. आज ज्या अक्षरांना सगळ्यात आधी "म्हणजे नेमकं काय?" असं विचारायला हवं, ती पहारेकऱ्याच्या कमरेखालून निघून जातात. निधी घेऊन येतात, जाहिरात करतात, नोकऱ्या खातात, आणि पडताळणीचा अहवाल म्हणतो: दोष शून्य.

त्याच नियमाला एक सवलतीची यादीही जोडलेली आहे. यांना विचारू नका, हे ओळखीचे आहेत. एचटीएमएल आहे, पीडीएफ आहे, यूएसबी आहे, ठीक. 'टुडू' आहे, म्हणजे करायचं राहिलंय. 'टीबीडी' आहे, म्हणजे नंतर ठरवू. काम राहिलं आहे आणि निर्णय झालेला नाही, या दोन गोष्टींचं स्पष्टीकरण आमच्या सरकारी खात्यांतही कोणी मागत नाही. तेव्हा यात मला तरी दोष दिसत नाही.

या सवलतीच्या यादीपाशी जरा थांबू, कारण खरी मौज इथेच आहे.

इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी नावाच्या कागदांत लिहिलेले असतात (पहिला 1969 चा), त्यांच्या संपादकांकडे लघुरूपांची एक भलीमोठी यादी आहे. त्यातल्या काहींपुढे तारा लावलेला असतो. तारा म्हणजे हे इतके प्रसिद्ध आहेत की यांचा विस्तार द्यायची गरज नाही. आमच्या विधानसभेत तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं तो. इथे उलट. ज्याला तारा, त्याला प्रश्नच नाही. 2014 च्या आरएफसी 7322 मध्ये, म्हणजे त्यांच्या शैलीपुस्तिकेत, वाचकाला लगेच ओळखू येणाऱ्या मंडळींची चार उदाहरणं दिली आहेत: टीसीपी, आयपी, एसएनएमपी आणि एचटीटीपी. पहिला, दुसरा, चौथा यांच्याबद्दल वाद नाही. एसएनएमपी तेवढा जरा आठवून बघा. आठवला नसेल तर तुम्ही त्या कागदाचे वाचक नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि खरं सांगायचं तर विस्तार न देण्यामागचा हेतूही पुष्कळदा तेवढाच असतो. सीमेवरच्या प्रकरणांत अंतिम निर्णय संपादकाचा, असंही तिथे लिहून ठेवलं आहे. हे मला आवडलं. निदान निर्णय कोणी केला हे तरी कळतं.

कंपन्यांमध्ये तसं कळत नाही. तिथे साधन बिल्डला, म्हणजे पुस्तक जुळवणाऱ्या यंत्रणेला, जोडलेलं असतं. अनोळखी लघुरूप सापडलं की बिल्ड लाल होतं, पुस्तक प्रसिद्ध होत नाही. शुक्रवारची संध्याकाळ. अक्षरांचा विस्तार शोधायचा तर तीन विभागांना फोन करायचे. त्यातला एक म्हणणार "ते आधीपासूनच आहे", दुसरा म्हणणार "ते आमच्याकडचं नाही" आणि तिसरा सुट्टीवर. दुसरा रस्ता असा की सवलतीच्या फाइलीत तीच चार अक्षरं एका ओळीवर टाका. बिल्ड हिरवं. तुम्ही कुठला रस्ता धराल? अशी फाइल दर शुक्रवारी वाढत जाते. विस्तारांचा कोश वर्षभर तेवढाच राहतो. सुरुवातीला सवलत मिळते ती प्रसिद्धांना, मग साहेबांच्या लाडक्यांना आणि शेवटी ज्यांचा विस्तार जिवंत माणसांपैकी कोणालाच माहीत नाही अशांना. व्हीआयपी रांगेसारखंच हे. देवळात रांग मोडायची तर निदान पुजाऱ्याशी ओळख लागते, इथे एंटर दाबायची ताकद पुरते.

मराठीत तर ही पहारेदारी बुडापासूनच अडते. देवनागरीला कॅपिटल अक्षरं नाहीत. सलग मोठी अक्षरं शोधणारं यंत्र मराठी मजकुरावर सोडलं तर ते काहीही न सापडल्याचा आनंदी अहवाल देईल. 'सिडको', 'म्हाडा', 'मनपा' त्याला 'भाकरी'सारखे साधे शब्द वाटतील. टिंबांवरून ओळखू म्हणाल, तर टिंबांच्या बाबतीत आपण उदार. ती. बाबांस कृ. सा. न. वि. वि. अशी पत्रं पिढ्यानुपिढ्या गेली आणि "कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष" असं पूर्ण म्हणून दाखवणारं पोर गल्लीत एखादंच. एकाच पत्रात ता. मुळशी, ता. 5 आणि शेवटी ता. क.; तीन ता. आणि तिन्हींचा अर्थ निराळा. आणि वि. घ्या. खांडेकरांत आणि शिरवाडकरांत तो विष्णू, सावरकरांत विनायक, पत्रात विनंती आणि लगेच पुढे विशेष. पहिल्या वेळी विस्तार देण्याचा नियम इमानाने पाळला तर "पुरुषोत्तम लक्ष्मण (पु. ल.) म्हणाले" असं वाक्य छापून येईल आणि सभागृह हसेल ते भलत्याच कारणाने.

पकडल्यावर फोडून लिहायचं काम तर आणखी बेकार. इंग्रजीत शब्द बदलला की बहुधा काम संपतं. मराठीत शब्दामागे विभक्ती लोंबत असते. 'मनपाच्या आयुक्तांनी' मधलं 'मनपा' यंत्राने बदललं की येतं 'महानगरपालिकाच्या आयुक्तांनी'. 'जि.प.ने ठराव केला'चं होतं 'जिल्हा परिषदने ठराव केला'. सामान्यरूप ही गोष्ट यंत्राच्या कोशात नसते. ती कोशात घालायची तर प्रत्येक नावाची दोन रूपं लिहावी लागतात आणि दोन रूपं लिहायला कोणाकडे शुक्रवार शिल्लक आहे? आणि 'एसटी चुकली' हे वाक्य बघा. गाडी सुटल्याची साधी रडकथा. ती फोडली की 'स्टेट ट्रान्सपोर्ट चुकली', म्हणजे थेट महामंडळाच्या धोरणावर टीका. 'एसटीचं आरक्षण' या शब्दांना तर यंत्राने हात न लावलेलाच बरा. खिडकीची जागा की राज्यघटनेतली तरतूद, हे संदर्भाशिवाय ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तरी विस्ताराचा एक उपयोग आहे: आपण काय बोलतो ते आपल्याला ऐकू येतं. 'नीट परीक्षा' फोडा, शेवटी 'टेस्ट परीक्षा' उरते. 'सीईटी परीक्षे'चंही तेच. 'जीएसटी कर' म्हणजे वस्तू आणि सेवा कर कर. हा आपण दोनदा भरतो अशी भावना पुष्कळ व्यापाऱ्यांची आहेच. 'एटीएम मशीन' म्हणजे मशीन मशीन. सगळ्यांवर कडी पिनकोड नंबरची. पिनमधला एन नंबरचा. डाक खात्यासाठी ही सहा आकडी पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ, त्यातून संस्कृत कवी. 15 ऑगस्ट 1972 रोजी ती सुरू झाली. एका संस्कृत पंडिताने इतकी आटोपशीर वस्तू दिली आणि आपण तिला आधी कोड आणि मग नंबर चिकटवला. यंत्र याला पुनरुक्ती म्हणतं. आपण आदर म्हणतो.

हसण्यावारी न्यायची नाही अशी जागाही आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 साली वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी काढली. युनिटसाठी नुसता यू लिहायचा नाही, कारण घाईतल्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनचा डोस दहापट होतो. एमएस लिहायचं नाही, कारण ते मॉर्फिन सल्फेट असू शकतं आणि मॅग्नेशियम सल्फेटही. पहिलं वेदनाशामक, दुसरं झटक्यांवरचं, चिठ्ठी एक. ही यादी बाकी सगळ्या याद्यांच्या विरुद्ध दिशेने चालते. इथे प्रसिद्धीमुळे सूट मिळत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं, रोज वापरातलं लघुरूपच हद्दपार होतं. मला विचाराल तर साधनांच्या नियमसंचात सवलतीच्या फाइलीशेजारी ही बंदीची फाइल सक्तीची हवी. तांत्रिकदृष्ट्या ते मुळीच अवघड नाही, व्हेलमध्ये दहा ओळींचं काम आहे. माणसं कुठे मिळणार, हा प्रश्न आहे. स्वतःच्या खात्याचं लाडकं लघुरूप बंदीत टाकणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे.

शास्त्रज्ञ यात मागे नाहीत. एड्रियन बार्नेट आणि झोई डबलडे या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी 2020 मध्ये 1950 पासूनचे 2 कोटी 40 लाख शोधनिबंधांचे मथळे आणि 1 कोटी 80 लाख सारांश चाळले. हातांनी अर्थातच नाही. त्यांना 11 लाखांवर वेगवेगळी लघुरूपं सापडली. त्यातली नियमित वापरात असलेली सुमारे 0.2 टक्के. 79 टक्के लघुरूपं अख्ख्या वाङ्मयात दहापेक्षा कमी वेळा आलेली. म्हणजे शब्द वाचावेत म्हणून नाणं पाडलं आणि बाजारात ते फारसं चाललंच नाही. पाडणाऱ्याला मात्र नाणं पाडल्याचा मान मिळाला, आणि मला वाटतं सगळा उद्योग त्यासाठीच होता.

सगळी लघुरूपं कोणालाच ठाऊक नसतात, हे युनिक्सवाल्यांना पूर्वीच कळलेलं दिसतं. बीएसडी घराण्यात लघुरूप विचारलं की विस्तार सांगणारी एक छोटी आज्ञा आहे, डब्ल्यूटीएफ. तिच्या स्वतःच्या नावाचा विस्तार या सदरात छापता येणार नाही. घरातल्या कॉलेजकुमाराला एकांतात विचारा. तिला न पेलणारं लघुरूप दिलं तर ती प्रामाणिकपणे सांगते, बुवा मला हे माहीत नाही. आणि मॅन्युअलमध्ये तिचं पान आहे सहाव्या विभागात. सहावा विभाग खेळांचा. अनोळखी अक्षरांपुढे "मला माहीत नाही" असं उघड म्हणणं हा कार्यालयीन कामाचा भाग होऊ शकत नाही, ते करमणुकीतच मोडतं, हे त्या मंडळींनी नेमकं हेरलं.

तुमच्याकडे अशी पडताळणी चालत असेल तर अहवाल वाचत बसू नका, तो हिरवाच असणार. सवलतीची फाइल उघडा. ती बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये असेल, आणि गिटला 'ब्लेम' नावाचीच एक आज्ञा आहे: प्रत्येक ओळ शेवटची कोणी आणि कधी बदलली ते ती सांगते. ती चालवा. शेजारी एक अट घाला, की सवलत सहा महिन्यांची, नंतर नूतनीकरण, आणि नूतनीकरणाला विस्तार तोंडपाठ म्हणून दाखवावा लागेल. पहिल्याच फेरीत अर्धी फाइल रिकामी होईल. उरलेल्या ओळींपुढे बहुतेक एकच नाव दिसेल, आणि फोन लावला तर कळेल की ते गृहस्थ कधीच दुसऱ्या कंपनीत गेले. जाताना त्यांनी दिलेल्या हस्तांतराच्या कागदाचं नाव होतं केटी, आणि त्या केटीत काय होतं, हे त्या केटीला हजर असलेल्यांपैकी कोणीही सांगू शकत नाही.